आणखी एक सत्यनारायण

भटजी ओट्याखाली पालथे पडून कपाटाच्या बिजागरीला औषधाचे ठिपके लावत होते, तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

"उठू नका," हेमलता दबक्या आवाजात म्हणाली. "घंटा वाजवा."

भटजींनी डाव्या हाताने घंटा वाजवली. उजव्या हातातली औषधाची सिरिंज तसूभरही हलू दिली नाही. माणूस कामाचा पक्का होता.

हे भटजी म्हणजे कृष्णात. मूळचा निपाणीचा, हल्ली बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधला पेस्ट कंट्रोलवाला. त्याला धोतर नेसवून आणायची अक्कल हेमलताची. तिला दुसरा इलाजच नव्हता. इमारतीत बहुतेक जुनी बेंगळुरी मराठी घरं, आणि त्या सगळ्या घरांत सणाची होळगी, म्हणजे आपली पुरणपोळी, जायची ती हेमलताच्या ओट्यावरून. होळगी अशी की तिच्यातून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे मोजता यावेत. पंखा चालू असला तर ताटात वर लिंबू ठेवून ती दाबून धरावी लागे. अशा बाईच्या स्वयंपाकघरात झुरळं आहेत हे बाहेर फुटलं, तर युगादीची, म्हणजे पाडव्याची, ऑर्डर गेली आणि तिच्यामागे धंदाही गेला.

झुरळंही साधीसुधी नव्हती. एकाला डब्याचं झाकण उघडताना तिने स्वतः पाहिलं होतं. राग त्याचा नाही आला. त्याने ते परत लावलं नाही, याचा आला.

बाई मात्र पैलतीर बघून पाण्यात पाय घालणारी. फोनवरच तिने कृष्णातची उलटतपासणी घेतली. परवाना आहे का? औषधाचं नाव काय? भांडीकुंडी कुठे हलवायची? ठिपके पुसायचे की राहू द्यायचे? ओट्यावर परत लाटायचं कधी? सगळी उत्तरं पटली, तेव्हा ती म्हणाली, "एक अट आहे. गाडी पलीकडच्या रस्त्यावर लावायची. गणवेश नको. भटजी होऊन यायचं."

गेला महिनाभर इमारतीत भक्तीला नुसतं उधाण आलं होतं. आज या मजल्यावर पूजा, उद्या त्या मजल्यावर. त्यात आणखी एक भटजी कुणाच्या डोळ्यांत खुपणार?

"सरी अक्का, चालेल," कृष्णात म्हणाला. "सत्यनारायण म्हणून येऊ, का गणहोम?"

किती चटपटीत माणूस, असं हेमलताला वाटलं.

तिने दार उघडलं. दारात खालच्या मजल्यावरच्या सत्यवतीअक्का आणि त्यांच्यामागे सोसायटीचे अध्यक्ष पद्मनाभअण्णा.

"गेटवर कळलं, तुमच्याकडे पूजा आहे," अण्णा आत येऊन खुर्चीत बसले. "म्हटलं, तीर्थही घेऊ आणि युगादीच्या होळगीचंही पक्कं करून टाकू. यंदा साऱ्या इमारतीची पंगत आहे."

सत्यवतीअक्कांनी हवेत नाक फिरवलं. "धूप कसला गं हा?"

"म्हैसूरचा. खास मागवलाय."

"आणि चौरंग कुठे दिसत नाही तो?"

"स्वयंपाकघरात मांडलाय. या पूजेत पहिला मान अन्नपूर्णेचा."

थाप इतकी देखणी झाली की तिच्यापुढे क्षणभर हेमलतालाच हात जोडावेसे वाटले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक झुरळ बाहेर आलं. चांगलं खारकेएवढं. औषधाने जरा झिंगलेलं, पण चालीत रुबाब होता. ते सरळ दिवाणखाना ओलांडून अण्णांच्या पायाशी आलं, थांबलं आणि त्याने मिशा हलवल्या. मागोमाग कासोटा सावरत, हातात सिरिंज घेऊन कृष्णात धावत आला. पाहुणे बघून तो जागच्या जागी खिळला.

पाहुणेही खिळले. सत्यवतीअक्का एकदम छताकडे बघू लागल्या. अण्णांना खोकल्याची उबळ आली.

"येतो मग," खोकता खोकताच अण्णा उठले. "होळगीचं काय ते... नंतर बघू."

सत्यवतीअक्कांनी तर घाईघाईत चपलेत पाय घातलाही होता. हेमलताला दिसत होतं, त्या दोन माणसांच्या पायांनी तिचा धंदाच घराबाहेर निघाला होता. मिनिटभर आधी तिला आणखी दहा थापा सुचल्या असत्या. आता एकही सुचेना. ती दारात जाऊन उभी राहिली.

"बसा अण्णा. अक्का, तुम्हीसुद्धा. माझ्या घरात झुरळं झालीत. हे भटजी नाहीत, औषधवाले आहेत. ओटा निर्मळ झाल्याशिवाय मी लाटणं हातात धरणार नाही. एवढा भरवसा असेल तर माझी होळगी खा. नसेल तर युगादीला दुकानातली आणा. पण लपवाछपवी आता माझ्याच्याने होणार नाही."

हलत होत्या त्या फक्त झुरळाच्या मिशा.

मग सत्यवतीअक्कांनी घातलेली चप्पल काढली. हेमलताकडे त्यांनी बघितलंच नाही. पदर खोचून त्या थेट कृष्णातसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काय रे, परवा आमच्याकडे शपथेवर सांगितलंस ना, एक झुरळ परत दिसायचं नाही म्हणून? दिसायचं नाही म्हणजे सगळी वरच्या मजल्यावर पाठवलीस होय?"

अण्णांचा खोकला झटकन थांबला.

"म्हणजे अक्का," ते म्हणाले, "तुमच्याकडेही हेच भटजी?"