आधी नवरी

"आज आधी नवरी काढू," सासूबाई म्हणाल्या.

सुनेचा हात माउसवरच राहिला. रविवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर पाठीला पाठ लावून दोन लॅपटॉप, आणि पलीकडे आपापल्या घरी बसलेले तिच्या नवऱ्याचे दोन मित्र. दोघांविरुद्ध दोघी. एक चाल यांची, एक त्यांची. राज्य वसवायच्या या ऑनलाइन खेळाचा सामना सुरू व्हायला थोडा अवकाश होता. राजधानीत आधी काय बांधायचं आणि मग काय, हे त्याआधी ठरवून घ्यावं लागे. सुरुवातीचा क्रम चुकला की पुढे कितीही डोकं खाजवा, उपयोग नसे.

सासूबाईंचा क्रम ठरलेला होता. तटबंदी, मग कोठार, मग आणखी उंच तटबंदी. पोस्टाच्या खिडकीमागे उभी हयात घालवलेली बाई, समोरच्याच्या आणि आपल्या मध्ये काहीतरी आडवं असल्याशिवाय तिला चैन पडत नसे. त्यांच्या राजधानीकडे वाकड्या नजरेने बघायची कुणाची टाप नव्हती. तरी दोघी दर वेळी हरत. या आत कोठारं भरत बसत आणि मित्र तोवर सगळा नकाशा घशात घालत. "काकू, माणसं बाहेर पाठवा हो, लोणचं घालायचंय का त्यांचं?" असं दाढीवाला मित्र दर रविवारी विचारी.

नवरी म्हणजे नवं गाव वसवायला निघणारं माणूस. हे नाव तिच्या नवऱ्याने पाडलेलं. घर सोडायचं, परक्या मुलखात चूल मांडायची आणि मागे फिरायचं नाही, मग तिला दुसरं काय म्हणणार, असं तो म्हणे. पण हा व्यवहार महागात पडे. नवरी तयार होईपर्यंत राजधानीची वाढ खुंटे, आणि ती निघाली की वस्तीतलं एक माणूस कमी होई.

गेल्या हिवाळ्यात नवरा झोपेतच गेला. तो होता तोवर त्याच्या जोडीला ती खेळायची, त्याने हाताला धरून बसवलं म्हणून. तो गेल्यावर तिने लॅपटॉप मिटून ठेवला असता. पण एका रविवारी सासूबाई आपण होऊन मुलाच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला शिकव." तेवढाच त्यांना विरंगुळा, म्हणून सून बसली.

तिला स्वतःला त्याचं काही वाटत नसे. कशाचंच वाटत नसे. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात ती कामाला होती. दिवसभर परक्यांचं हसू घासून गुळगुळीत करायचं आणि घरी यायचं. दात काढण्याआधी सुई दिली की गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं झालं होतं. लोक म्हणत, किती धीराची आहे. धीर कसला, डोंबल! रडूच येत नव्हतं. सासूबाईंचेही डोळे कोरडेच होते. त्या मुळातच घट्ट मनाच्या, असं ती धरून चालली होती.

दुसऱ्या गावातल्या मोठ्या कारखान्याने तिला बोलावलं होतं. एक अख्खा विभाग तिच्या हाती देणार होते. उद्यापर्यंत कळवायचं होतं, आणि तिने नाही म्हणायचं ठरवलं होतं. सासूबाई एकट्या पडतील, हे कारण हाताशी तयार होतं. शिवाय नाही म्हटलं की पुढे काहीच करावं लागत नाही. घरात तिने विषयच काढला नव्हता.

"एवढ्यात नवरी नको, आई," ती म्हणाली. "राजधानीत आत्ता माणसंच किती? एक गेलं की अर्धी ओस पडेल."

"पडू दे."

"आणि तटबंदी?"

"राजधानी काय कुकुलं बाळ आहे? तिचं ती बघेल."

"काकू, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" स्पीकरमधून दाढीवाल्याचा आवाज आला. सासूबाईंनी माइक बंद केला.

"परवा तू आंघोळीला गेलीस आणि तुझा फोन वाजायला लागला," त्या म्हणाल्या. "थांबेचना, म्हणून मी उचलला. त्या कारखान्यातल्या बाई होत्या. तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय म्हणाल्या, पण सोमवारपर्यंतच."

सून पडद्याकडेच बघत राहिली. "मी नाही म्हणणार आहे. तुम्हाला टाकून कुठे जाऊ? तुमचा हा रविवारचा खेळसुद्धा बंद पडेल."

"अगं, मला कुठे आवडतो हा खेळ?" सासूबाई म्हणाल्या. "डोळे चुरचुरतात, डोकं उठतं. तू एकटीच भिंतीकडे बघत बसायचीस, ते मला बघवेना. म्हणून येऊन बसले."

सुनेने मान वर केली. "मी तुमच्यासाठी बसत होते, आई."

"ते आलं माझ्या लक्षात. उशिराच आलं."

पडद्यावर राजधानीचं चौकोनी चित्र लुकलुकत होतं. पहिल्यांदा काय बांधायचं, खेळ विचारत होता. सुनेने हात मांडीवर घेतले. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला भीती वाटली.

"पण मी गेल्यावर तुम्ही इथे एकट्या काय कराल?" तिने विचारलं.

"रडेन," सासूबाई म्हणाल्या. "मी रडले तर तू मोडशील, या धास्तीने माझ्या मुलासाठी मला अजून एकदाही रडता आलेलं नाही."