बांधापलीकडचा बॉल

चैतरामने बॅट कानाशी धरली आणि कलिंगड ठोकून पाहावं तशी बोटाने ठोकून पाहिली.

"आवाज वेगळाच येऊन राहिला," तो म्हणाला.

केशोराव खाटेवर बसून त्याच्याकडे पाहत होता. उद्यापासून सौंदडला त्याच्या नावाने बेसबॉलची स्पर्धा सुरू व्हायची होती आणि ही बॅट काचेच्या पेटीत मांडायची होती. राज्याच्या संघातून खेळलेला माणूस, पण गावाला त्याचा एकच फटका पाठ. सडक अर्जुनीच्या चैतरामने टाकलेला बॉल त्याने याच बॅटने तलावाच्या बांधापलीकडे धाडला होता. बॅट हातात आली की पोरं आजही केशोरावसारखी मान तिरपी करून उभी राहत. चैतरामचंही नाव निघे, पण हसण्यापुरतं. उद्या तर तेच माईकवरून सांगणार होते. तेवढं त्याला सोसवत नव्हतं.

"इतका दूर बॉल जाते कुठी? लाकूड कोरून आत काही भरलं असन तुमी."

"दादा, म्हातारपणी कायले भांडण काढून राहिलास?" चहा घेऊन आलेली रुख्मा चिडली. ती चैतरामची सख्खी बहीण आणि केशोरावची बायको.

"काढू दे त्याच्या मनातलं," केशोराव म्हणाला. "आरी आण."

रुख्माने आरी आणली, ती आपटूनच. बॅटला पाय लावायचा नाही म्हणून केशोरावने ती खाटेच्या कडेवर दोन्ही हातांनी दाबून धरली. चैतरामने जाड बाजूला आरी चालवली. तुकडा पडला. त्याने कापल्या जागी बोट फिरवलं, उन्हात धरून पाहिलं, वाससुद्धा घेतला. भरीव लाकूड. ना भोक, ना सांधा. चैतरामचं तोंड उतरलं.

"झालं समाधान? आता माया संशय आयक," केशोराव म्हणाला. "त्या मॅचच्या आधी रुख्माचं अन् मायं साक्षगंध झालं होतं. होणाऱ्या जवायाचा मान राखाले तू मुद्दाम सोपा बॉल टाकला, असं मले आजवर वाटते. लोक वाहवा करत, अन् मी मनात कुढत राहो. खरं सांग."

चैतराम चपापला. इतक्या वर्षांत हे त्याला सुचलंच नव्हतं! नुसतं 'हो' म्हणायचा अवकाश. बहिणीसाठी हरलेला भाऊ म्हणून उद्या माईकवर त्याचंच कौतुक झालं असतं, आणि कोणी शंकाही घेतली नसती. रुख्मा कप हातात धरून त्याच्याकडेच पाहत होती. केशोरावने अर्धी बॅट खाटेवर ठेवली आणि तो पुढे सरकून बसला.

"सोपा कायचा?" चैतराम म्हणाला. "जवाई गेले खड्ड्यात, तुमाले आउटच कराचं होतं मले. त्याहून भारी बॉल मी जिंदगीत टाकला नाई."