वक्त्यांकडची रेंज

"गळा दाबा म्हणत नाय मी, मॅडम. बटन दाबा म्हणतोय."

सर्जेराव हळू आवाजात बोलले. संस्थेचे अध्यक्ष ते. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून खुर्ची भिंतीला लावून बसले होते. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. पंखा गरम वारा फेकत होता.

सत्यशीला पडद्याकडे बघत राहिली. रविवारची ही ऑनलाइन विज्ञान व्याख्यानमाला तिनंच सुरू केलेली. कुणीही यावं, ऐकावं, विचारावं. हर्सूलपासून वैजापूरपर्यंत माणसं मोबाइल उघडून बसायची. मागच्या रविवारी विषय होता संशोधकाचं स्वातंत्र्य, आणि स्वागताचं भाषण सर्जेरावांनीच केलं होतं. चांगलं केलं होतं.

आज इंद्रजीत बोलत होता, फुलंब्रीच्या आपल्या घरातून. गेल्या वर्षीपर्यंत तोही याच महाविद्यालयात, तिच्यासारखाच तासिका तत्त्वावर, इतिहास शिकवायचा. जूनमध्ये सगळ्यांच्या नेमणुकीच्या ऑर्डरी निघाल्या, त्याची निघाली नाही.

"पंप नाही, वीज नाही," तो सांगत होता. "नुसत्या उतारावर, नहरीतून, म्हणजे जमिनीखालच्या दगडी पाटातून, पाणी शहरात आणलं. चारशे वर्षं झाली त्याला. आणि आपण? टँकर येणार म्हणून रात्रीपासून ड्रम मांडून ठेवतो, अन् सकाळी शेजाऱ्याशी भांडतो."

पडद्यावर हसरे चेहरे उमटले. इंद्रजीतनं हातानं काढलेला नकाशा कॅमेऱ्यासमोर धरला. त्याच्या कोपऱ्यात एका दगडी कमानीचा फोटो चिकटवलेला होता.

"शहर वाढत गेलं तशी ही नहर कुठं कुठं बुजवली, ते आता बघू. शेवटची जागा मात्र अजून वाचवता येईल. उद्या तिथं..."

उद्या तिथं काय होणार ते सत्यशीलाला ठाऊक होतं. महाविद्यालयाच्या नव्या वसतिगृहाच्या पायाच्या खड्ड्यात काँक्रीट पडणार होतं. खोदकामात उघडी पडलेली नहरीची दगडी कमान तिनं स्वतः वाकून पाहिली होती. त्या कमानीचा फोटो इंद्रजीतला तिनंच पाठवला होता.

"याला फोटो कुणी दिला ते मी मागाहून बघतो," सर्जेराव म्हणाले. "आधी हे थांबवा. येत्या जूनच्या ऑर्डरींवर सही मलाच करायचीय."

तिनं बटण दाबलं.

इंद्रजीतचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. मग थांबले. इकडून माईक बंद केला की तसा संदेश समोरच्याच्या पडद्यावर उमटतो. त्यानं तो वाचला. मान मागं वळवून घरात कुणाशी तरी दोन शब्द बोलला. मग चष्मा वर सरकवून सरळ कॅमेऱ्यात पाहिलं आणि नकाशा खाली ठेवला.

इकडे श्रोत्यांचे संदेश येऊ लागले. 'आवाज गेला.' 'सर, माईक!' 'ऐन रंगात आलं होतं हो. मॅडम, बघा ना काय झालं.'

सत्यशीलानं लिहिलं, 'वक्त्यांकडची रेंज गेली आहे. क्षमस्व.' सकाळी बुद्धवंदनेला बसून हात जोडून म्हटलेलं चौथं शील तिला आठवलं: खोटं बोलणार नाही. ते आठवत असतानाच बोटानं संदेश पाठवून दिला होता.

"हां. आता सोडा त्याला," सर्जेराव म्हणाले. "आभार माना अन् उरका."

तिनं त्याचा माईक सोडला.

"सर," ती म्हणाली. "ते मघाशी... आमच्याकडून..."

"माझ्याकडचीच रेंज गेली, मॅडम," इंद्रजीत मध्येच म्हणाला. "आमच्या फुलंब्रीचं असंच आहे. पाणी आणि रेंज, दोन्ही सांगून येत नाहीत."

सगळे पुन्हा हसले. सर्जेरावही गालात हसले.

"सर, ते शेवटच्या जागेचं राहिलं," एका श्रोत्यानं आठवण केली.

इंद्रजीत सत्यशीलाच्या होकाराची वाट बघत राहिला. सर्जेरावांनी मनगट पुढं करून तिला घड्याळ दाखवलं.

"वेळेअभावी..." ती म्हणाली. आभाराची सगळी वाक्यं तिला पाठ होती. "वेळेअभावी आपण इथंच थांबू. वक्त्यांनी अत्यंत मोकळेपणानं..."

इंद्रजीतच्या मागचं दार उघडलं. त्याची आई सखूबाई पदराला हात पुसत त्याच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली.

"काय रं, रेंज गेली म्हनून काय सांगतो लोकास्नी?" तिचा आवाज सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला. "चांगली तर हाय की! अन् मघाशी तूच मला म्हनलास नव्हं, आई, तिकडून त्यांनीच..."

इंद्रजीतचा हात पुढं आला. त्याच्या चौकटीतल्या माईकवर लाल रेघ उमटली. या वेळी सत्यशीलाचे दोन्ही हात मांडीवर होते.

मागं सखूबाई तावातावानं हातवारे करत बोलतच होती. आणि इंद्रजीत सत्यशीलाकडे बघून मान हलवत होता: चालू द्या, मॅडम, चालू द्या.