सुईला भ्यालेला खाटीक

"परत इंटरनेट का, मिलुतिनकाका?" डॉक्टरीणबाई रादमिलांनी कागद न वाचताच टोपलीत टाकले. हल्ली सगळं खोरं मोबाईलवरनं रोग छापून आणतं.

कागद गेले तरी मिलुतिनचं अडलं नाही, सगळं तोंडपाठ होतं. सारखी तहान लागते, म्हणाला. अंगावरचं मांस झडतंय. अन् पायाची जखम, द्राक्षं काढली तेव्हापासनं, भरतच नाही.

बाईंनी त्याच्या पोटाकडं बघितलं. पट्ट्याला पुढं भोक उरलं नव्हतं. त्यांनी बूट काढायला लावले. दोन्ही पाय लेकरासारखे चांगले.

"काका, जखम कुणाच्या पायाला आहे?"

मिलुतिननं दाराकडं पाहिलं. बाहेर बाकावर त्याची बायको देसांका बसली होती, बाईंसाठी आणलेली भाजक्या मिरच्यांची बरणी मांडीवर धरून. तिची आई शहरातल्या इस्पितळात चालत गेली अन् शवपेटीतनं परत आली. तेव्हापासनं देसांका डॉक्टरच्या दारापर्यंत येते, आत नाही. पाया पडा, भांडा, आत नाही म्हणजे नाही.

"सुई काढा," मिलुतिन हळूच म्हणाला. "अन् दार तेवढं उघडं ठेवा."

सुई दिसली मात्र, गड्यानं असा हंबरडा फोडला की बाहेर नंबर लावून बसलेल्या बायकांचं विणकाम थांबलं. थंडी पडली की गावभरची डुकरं ह्याच्याच सुरीखाली जातात, हे त्यातल्या प्रत्येकीला माहीत. हसू दाबता दाबता एकीच्या हातातला लोकरीचा गुंडा घरंगळत गेला.

देसांका लालबुंद झाली. बरणी बाकावर आदळून तरातरा आत आली.

"अब्रू घालवलीस रे माझी. डुकरं कापतोस अन् सुईला भितोस?" तिनं बाही सारून हात पुढं केला. "बाई, आधी मला टोचा. बघ, गाढवा."

बोटावर रक्ताचा ठिपका आला. बाईंनी यंत्रावरचा साखरेचा आकडा बघितला. मग खाली वाकल्या, देसांकाचा मोजा उतरवला, जखम नीट न्याहाळली.

"वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "पाय वाचतो हा."

देसांकाचं तिकडं ध्यानच नव्हतं. ती नवऱ्याची बाही वर करत होती. "चला, आता ह्याचं काढा."

बाईंनी टोपलीतले कागद उचलले अन् टेबलावर हातानं सपाट केले.

"ह्यांचं नको, काकू. ह्यांचं काम झालं."