हाताचं काम

कान्हे गावच्या शाळेत डॉक्टर आदिनाथचा सत्कार होता. पहिल्या रांगेत त्याची आई, रतनबाई, बसली होती. खंडाळ्याच्या हॉटेलात भांडी घासून तिने त्याला सर्जन केले होते.

भाषणात तो म्हणाला, “सर्जरी हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ, हातानं केलेलं काम.”

“मंग माज्यावानीच की रं तुजं बी,” रतनबाई बसल्या जागेवरून म्हणाली. सगळे हसले.

भाषण संपले. अख्खी शाळा टाळ्या वाजवत होती. आई तेवढी वाजवत नव्हती. तिला काही लागले का, असे त्याला वाटले. मग आठवले. मघाशी फोटो काढताना तोच कुजबुजला होता, “आई, हात पदराखाली घे.”

ते भेगाळलेले हात अजून तिथेच होते.