कुठली टोळी?

सान पेद्रो सुला शहरातल्या, टोळ्यांच्या ताब्यातल्या एका वस्तीत दर शनिवारी चर्चच्या तरुणांची सभा भरायची. दंडावरचा टॅटू दाखवत पास्टर एलियूद सांगायचा, "मीसुद्धा टोळीत होतो. येशूनं मला बाहेर काढलं." ते ऐकायला पोरं गर्दी करायची, मोबाईलवर चित्रण करायची.

त्या शनिवारी शेवटच्या रांगेतून नाहून नावाचा एक पोरगा उठला. "पास्टर, कुठल्या टोळीत होतात? म्होरक्या कोण होता तुमचा?"

टोळीचं नाव खोटं सांगणाऱ्याला इथे गोळी घालतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एलियूदनं दंडावरची बाही खाली ओढली. "कुठल्याच नाही," तो म्हणाला. "टॅटू दोन वर्षांपूर्वीचा आहे. खरं सांगितलं तर तुम्ही येणार नाही, असं वाटलं. मी इथेच वाढलो, बसथांब्यावर आईबरोबर बालेआदा, राजमा भरलेल्या पोळ्या, विकत."

कुणीतरी शिट्टी मारली. चौघं-पाचजण हसत उठून गेले. नाहून मात्र रांगा ओलांडत पुढे आला आणि अगदी त्याच्यासमोर उभा राहिला.

"मग तेच सांगा ना, पास्टर," तो हळू आवाजात म्हणाला. "टोळीत न जाता तुम्ही इथे जगलात कसे? मला बोलावलंय त्यांनी. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय."