कॅडेट मरत नाही

गोळी लागूनही इंद्रजीत पडला नाही.

करमाडजवळच्या माळावर परदेशातली सैनिकी शाळा उभी होती. प्लायवूडची. देशात यादवी पेटते, शाळेतल्या कोवळ्या कॅडेटांचे दोन तट पडतात आणि कालचे मित्र एकमेकांवर बंदुका रोखतात, असा सिनेमा. देश परका होता. कॅडेट पिशोर गावचे होते.

"कट," दिग्दर्शक मंजुषा मॅडम म्हणाल्या. "इंद्रजीत, गोळी लागली ना तुला?"

"लागली, मॅडम."

"मग?"

इंद्रजीतनं बापाकडं पाहिलं. तात्यासाहेब छत्रीखाली खुर्ची टाकून बसले होते.

"पडायचा नाय त्यो," ते म्हणाले. "गोळी कोण घालतंय ते बघा की."

गोळी गोकुळ घालत होता. तात्यासाहेबांचा सख्खा पुतण्या. बांध कोरल्यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. एका ताटात जेवणाऱ्या पोरांचंही बंद. फोनमधले नंबरसुद्धा घरच्यांनी पुसून टाकले होते. आज दोन्हीकडून एकेक मोठं माणूस राखणीला आलं होतं. पोरं बोलू नयेत म्हणून.

"अहो, यादवी आहे ही," मॅडम म्हणाल्या. "यात भाऊच भावाला मारतो."

"ते आमाला नका सांगू. आमची चालूच हाय. पण पिक्चर गाव बघणार. आमचा पडला की बांध गेला."

मग गोळी इंद्रजीतनं घालायची, असं मॅडमनी ठरवलं. आता गोकुळ पडेना. पलीकडच्या छत्रीखालून त्याची आई आवडाबाई बोलली, "मॅडम, त्यांना सांगा, बिनबापाचं लेकरू म्हणून आधी मरणार नाय ते."

ज्यांना सांगायचं ते तात्यासाहेब चार हातांवर बसून ऐकत होते.

जेवणाच्या सुट्टीत तह झाला. दोघांनी एकदमच गोळी घालायची, एकदमच पडायचं. डोकी बरोबर मधोमध. तात्यासाहेबांनी जागा पावलांनी मोजली. आवडाबाईनं परत मोजली.

दोघं पडले. नाकाला नाक लागेल इतके जवळ.

"मेल्यावर हलू नका," मॅडम कर्ण्यातून म्हणाल्या. कॅमेरा लांबून, टेकाडावरून बघत होता.

"इंद्या," गोकुळ ओठ न हलवता म्हणाला. "ताईचं लगीन ठरलं."

"दीपमालाताईचं? नवरा कसा हाय?"

"बरा हाय. कान मोठे हायत."

"मग पिळायला सोपं."

"तेच सांगतोय. ताई म्हणती, कानपिळीला एक कान माझा, दुसरा तुझा. तू आलास तरच ती बोहल्यावर चढणार. आईला अजून माहीत नाय."

मेलेल्या इंद्रजीतच्या डोळ्यातून पाणी आलं. त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"कट," मॅडम म्हणाल्या. "अप्रतिम. पॅकअप."

टाळ्या पडल्या. तात्यासाहेब उठले. आवडाबाई उठली. आपापलं पोरगं न्यायला दोघं दोन बाजूंनी मधोमध आले. गोकुळ उठून कपडे झटकू लागला.

इंद्रजीत तसाच पडून होता.

"मॅडम," तो म्हणाला, "नीट मेलो नाय. अजून एकदा घ्या."